नंदीचा डावा डोळा

बाबांच्या निरोप समारंभाचा फ्लेक्स
भावाच्याच दुकानात छापला होता, आर्णीला.
त्यात 'कलाशिक्षक'चं 'कालशिक्षक' झालं.
प्रफुल म्हणाला, कॉम्प्युटरनं केलं.
बाबा काही बोलले नाहीत.
खिशातला खडू काढून
काना एक घर पुढं सरकवायला गेले.
फ्लेक्सवर खडू उमटत नाही,
हे त्यांना तेव्हा कळलं,
चौतीस वर्षं फळ्यावर काढून.

तोच फ्लेक्स आता कुटाराच्या ढिगावर आहे.
शेळी चढते तेव्हा नेमकी बाबांच्या टायवर उभी राहते.
टाय त्यांनी जन्मात घातला नव्हता,
तोही कॉम्प्युटरनंच घातला.

एलिमेंटरीची फी ते पोरांना स्वतःच्या पगारातून भरायचे.
आई अजून हिशेब काढते,
एक एकर आलं असतं, विहिरीसकट.
"साऱ्या गावाच्या भित्ती रंगवल्या,
अन् माह्या सयपाकघराले चुना!"
त्या पोरांतलं चित्रकार कोणी झालं नाही.
जेसीबीवाला गजू मात्र रस्त्यात गाडी थांबवून सांगतो,
सर, तुमच्यामुळं माही नाली सरळ येते.

मी त्याच एलिमेंटरीत नापास झाले.
वस्तुचित्रातला तांब्या डावीकडं कलला होता.
बाबा बराच वेळ कागद धरून उभे,
मग म्हणाले, पाणी सांडंल नं, बाई.
तेवढंच.
मी नर्सिंगला गेले.

तान्ह्या पोळ्याच्या आधी आमच्या ओसरीत
पंचवीस-तीस लाकडी नंदी येऊन बसायचे,
चाकं लावलेले, उघडे, बिनडोळ्यांचे.
कोणाचा कोणता, हे बाबांना शिंगांवरून कळायचं.
यंदा सात आले.
बाकीच्यांनी यवतमाळहून तयार आणले,
चमकीचे, डोळ्यांच्या जागी स्टिकर.

आणि बाबांचा उजवा हात
गेल्या दिवाळीपासून थरथरतो.
चहाला कोणी आलं की ते तो मांडीखाली घेतात.
सात नंदी त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरून रंगवले,
अंग पांढरं, शिंगं हिरवी, पाठीवर झूल,
झुलीवर आईच्या जुन्या लुगड्याचे काठ आठवून आठवून.
सहांचे डोळेही झाले.
नातवाच्या नंदीचा उजवा डोळा झाला
आणि डावा राहिला.
दुपारभर तो एका डोळ्यानं बाबांकडं पाहत होता
आणि बाबा रस्त्याकडं.

मी भांडी घासत होते तर हाक आली.
"बाई, तुहा हात हालत नाही नं?
लेकरायले सुया टोचतंस तू."
शून्य नंबरचा ब्रश. तीनच केस उरलेले.
म्हटलं, बाबा, मी नापास आहे.
"माहीत हाये. श्वास सोड, मंग लाव."
हे तर मी रोज सांगते, केंद्रात,
कळ येणाऱ्या बायांना.
सोडला. लावला.

डोळा उजव्यापेक्षा मोठा झाला,
जरा वर चढला,
जशी एखाद्याला भर बाजारात कोणी नावानं हाक मारावी.
आईनं पदराला हात पुसत वाकून पाहिलं,
"हा त तुमच्यासारखाच पाह्यते, पगाराच्या दिवशी."
बाबा हसले. कधी नाही ते,
थरथरता हात मांडीखालून काढून हसले.

बक्षीस लायटिंगवाल्या नंदीला मिळालं.
आमच्या स्पंदननं बोजाऱ्याचे पैसे मोजले,
त्रेचाळीस रुपये आणि एक लिमलेट,
आणि नंदीला उशीशी घेऊन झोपला.

प्रफुलनं त्या डोळ्याचा फोटो काढला.
दुकानाच्या नव्या बोर्डावर टाकतो म्हणाला, मोठा करून.
बाबा ब्रश धूत होते.
"टाक. पण छापाच्या आंधी काना पाह्यजो."

मी सकाळच्या गाडीनं परत आले.
अंगठ्याच्या नखात काळा रंग होता, ड्युटीवर कोणी विचारलं नाही.